मराठवाड्यातील डोंगरवाटांसाठी स्वस्त ट्रेकिंग बूट कसे पारखावेत

गौताळ्याच्या जंगलात, वेताळवाडी किल्ल्याच्या उतारावर किंवा देवगिरीच्या पायऱ्यांवर पहिल्यांदाच जायचे ठरवलेल्या, आणि बुटांवर दीड ते साडेतीन हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करण्याची इच्छा किंवा ऐपत नसलेल्या माणसासाठी हा लेख लिहिला आहे. गेल्या नऊ वर्षांत मी पाच जोड वापरले. त्यांपैकी दोन साफ चुकीचे निघाले, एक बरा होता आणि दोन चांगले निघाले. सर्वांत महाग जोड चुकीच्या दोनमध्ये होता, हे आधीच सांगून ठेवतो.

या किमतीत सगळे गुण एका बुटात मिळत नाहीत. त्यामुळे कोणता गुण सोडायचा आणि कोणता अजिबात सोडायचा नाही, हे दुकानात पाऊल टाकण्याआधी ठरलेले असावे. माझ्या मते आपल्या भागात सोलचे रबर आणि टाचेची पकड या दोन गोष्टींत तडजोड करू नये, आणि वॉटरप्रूफपणासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. असे का, ते पुढे ओघाने येईलच.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. तुम्ही नवे कोरे बूट घालून धापा टाकत अंतूर किल्ल्याची चढण चढत असता, तेव्हा शेळ्यांमागे चालणारा एखादा गुराखी टायरच्या चपला घालून तुमच्या बाजूने सहज निघून जातो. त्याचे तळवे, घोटे आणि तोल लहानपणापासून त्याच वाटेवर घडलेले असतात. आपले पाय फरशीवर आणि डांबरावर वाढलेले आहेत, म्हणून आपल्याला बुटांची गरज पडते. तरीही त्याच्या चपलेकडे नीट पाहा. जाड, चिवट रबर आणि पायाला घट्ट बसणारा पट्टा एवढेच तिच्यात असते, आणि तेच आपल्यालाही हवे आहे.

सोबत ठेवण्याच्या वस्तू आणि कागदपत्रे

पारख करण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. पुढील वस्तू घरात सापडतील:

- दोन कोरे कागद, पेन्सिल आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी
- ट्रेकला जे मोजे घालणार तेच मोजे (सुती नकोत, कारण सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीवर फोड लवकर येतात)
- स्वयंपाकघरातील वजनकाटा
- पाण्याची बादली आणि शहाबादी फरशीचा एखादा तुकडा
- पक्के बिल, वॉरंटी कार्ड असल्यास तेही, आणि खोक्यावरील लेबलाचा स्पष्ट फोटो

खोके फेकून देऊ नका. निदान पहिल्या दोन ट्रेकपर्यंत ते माळ्यावर राहू द्या.

१. आधी वाट पाहा, मग बूट

दुकानदार "कुठल्या ब्रँडचा दाखवू?" असे विचारतो, पण खरा प्रश्न बूट कोणत्या जमिनीवर चालणार हा आहे. मराठवाड्यातील एकाच ट्रेकमध्ये जमीन तीन-चार वेळा बदलते, आणि प्रत्येक जमीन सोलकडून वेगळी मागणी करते.

गावातून निघालेली वाट बहुधा कपाशीच्या किंवा मक्याच्या रानातून जाते, म्हणजे सुरुवात काळ्या मातीतून होते. पाऊस पडून गेल्यावर ही माती सोलच्या खाचांत बसते, तिच्यावर पुढची माती चिकटते आणि शंभर पावलांत प्रत्येक पायाखाली एक लोळा तयार होतो. खाचा एकमेकींजवळ असतील तर माती झटकली जात नाही, आणि मग सोलला दात आहेत की नाहीत याला काही अर्थ उरत नाही. त्यासाठी दातांमध्ये मोकळी जागा हवी.

त्यानंतर मुरमाचा चढ लागतो. घट्ट पृष्ठभागावर सुटे बारीक खडे पसरलेले असतात आणि उतरताना खळ्यातल्या ज्वारीवर पाय पडल्यासारखे वाटते. येथे दातांची खोली आणि टाचेकडचा आडवा कोपरा उपयोगी पडतो. टाच आणि सोलच्या पुढच्या भागात स्पष्ट पायरी असलेला बूट उतारावर रुततो, तर खालून सपाट असलेला बूट घसरगुंडीसारखा सरकतो.

वर गेल्यावर कातळ येतो. आपला सगळा डोंगर बेसॉल्टचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो घडला, म्हणून सपाटी, कडा, पुन्हा सपाटी अशी त्याची पायऱ्यापायऱ्यांची रचना दिसते. 'डेक्कन ट्रॅप' या नावातील 'ट्रॅप' हा शब्दही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सच्छिद्र कातळ खरखरीत असतो आणि त्यावर साधारण बूटही धरतो. घट्ट, काळा आणि शतकानुशतके पायांनी झिजलेला कातळ मात्र वेगळा असतो. त्यावर खोल दात काहीच करत नाहीत, कारण रुतायला जागाच नसते. तेथे मऊ रबर आणि दगडाला टेकणारे जास्तीत जास्त क्षेत्रफळ, एवढेच कामाला येते.

येथेच खरी अडचण आहे. मातीसाठी विरळ आणि खोल दात हवेत, कातळासाठी दाट आणि सपाट दात हवेत, आणि आपल्या वाटेवर दोन्ही एका दिवसात भेटतात. मी पुष्कळ चुकल्यानंतर या निष्कर्षावर आलो की दातांची खोली सुमारे ४ मिलिमीटर असावी, त्यांमध्ये करंगळीचे टोक जाईल इतकी मोकळीक असावी, दातांचे माथे टोकदार नसून सपाट असावेत आणि रबर मऊ असावे. चिखल थांबून काडीने काढता येतो, पण कड्यालगतच्या पायरीवर पाय सटकला तर सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून या दोहोंत मी कातळाची बाजू घेतो.

शेवाळलेल्या ओल्या कातळाबद्दल मात्र कोणताही सोल हमी देऊ शकत नाही. "पावसातही घसरत नाही" असे कोणी सांगितले तर हसून पुढच्या दुकानात जावे.

काट्यांचाही विचार करावा लागतो. बाभूळ, बोर आणि बांधावरचे सराटे पातळ सोल सहज भेदतात, आणि पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताची कुसळे जाळीदार कापडातून मोज्यात शिरतात. म्हणून बुटाचा वरचा भाग पूर्ण जाळीचा नसावा. निदान चवड्याभोवती आणि टाचेवर जाड आवरण असावे.

२. पायाचे माप संध्याकाळी घ्या

दिवसभर चालून पाय थोडा सुजतो आणि ट्रेकमध्येही तसाच सुजतो. म्हणून संध्याकाळी, मोजे घालून आणि पूर्ण वजन देऊन कागदावर उभे राहा व दोन्ही पायांची बाह्यरेषा दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या. स्वतः वाकून रेषा काढली तर वजन सरकते आणि माप चुकते. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर (हे बोट अंगठाच असेल असे नाही) आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी, अशी दोन मापे लिहून ठेवा. दोन्ही पाय बहुधा सारखे नसतात. मोठ्या पायाचे माप धरावे.

भारतात बुटांचे नंबर बहुतांशी ब्रिटिश पद्धतीचे असतात आणि त्यात एका पूर्ण नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. युरोपीय पद्धतीत हाच फरक सुमारे पावणेसात मिलिमीटर पडतो. दोन्ही नंबर छापलेल्या बुटांत गोंधळ होतो तो यामुळे. ऑनलाइन घेत असाल तर नंबरावर न जाता तक्त्यातील सेंटिमीटर पाहा आणि तो आकडा पायाचा आहे की बुटाच्या आतील लांबीचा, हेही वाचा.

३. दुकानात बूट हातात घेऊन तपासा

पायात घालण्याआधी पाच मिनिटे बूट हातातच राहू द्या. संभाजीनगरच्या गुलमंडीतील असो वा लातूरच्या गंजगोलाईतील, दुकानदार थोडा वैतागेल, पण त्याला वैतागू द्यावे.

प्रथम सोल उलटा करून दाताच्या माथ्यावर अंगठ्याचे नख दाबा. चांगले रबर किंचित दबते आणि नख काढल्यावर पूर्ववत होते. नख नुसतेच घसरले, सोल चकचकीत दिसला आणि फरशीवर घासल्यावर प्लॅस्टिकसारखा कोरडा आवाज आला, तर तो कडक पीव्हीसीसारखा माल आहे असे समजा. तो वर्षानुवर्षे झिजणार नाही, आणि नेमका म्हणूनच तो कातळ धरणार नाही. स्वस्त बुटांच्या जाहिरातीत "सोल झिजत नाही" हा मोठा गुण म्हणून सांगतात. रस्त्यावर तो गुण असेलही.

मग बूट टाच आणि नाकाकडून धरून वाकवा. तो चवड्यापाशी, म्हणजे बोटे जेथे दुमडतात तेथे वाकला पाहिजे. पायाच्या कमानीखाली मधोमध दुमडत असेल तर दगडावर उभे राहिल्यावर पूर्ण भार तळव्यावर येईल. त्यानंतर ओला टॉवेल पिळतो तसा त्याला पीळ देऊन पाहा. थोडा विरोध झाला पाहिजे. सहज पिळला गेला तर तो धावण्याच्या बुटाला ट्रेकिंगचे रूप दिलेला प्रकार आहे.

टाचेमागची वाटी अंगठा आणि तर्जनीने दाबा, ती कडक असावी. बोटांवरची टोपी दाबून पाहा, ती निदान दगडाची ठेच झेलण्याइतकी घट्ट हवी. जीभ दोन्ही बाजूंनी कापडाने बुटाला जोडलेली असावी, कारण सुटी जीभ असलेल्या बुटात मुरूम आणि कुसळे नाडीखालून थेट आत येतात. हा तपशील बहुतेक नवखे पाहतच नाहीत, आणि दर अर्ध्या तासाला बूट काढून झटकत बसतात.

शेवटी सोल आणि वरचा भाग जिथे जुळतात ती रेषा बोटाने चाचपून पाहा. या किमतीतील बहुतेक बुटांचा सोल शिवलेला नसतो, तर चिकटवलेला असतो, आणि त्यात वाईट काही नाही. मात्र नाकापाशी किंवा चवड्याच्या वळणावर कागदाची कड आत जाईल इतकी फट असेल, किंवा चिकट द्रव बाहेर ओघळून वाळलेला असेल, तर तोच जोड नाकारून दुसरा मागा.

वजनही पाहायला विसरू नका. घोट्यापर्यंतच्या बुटाचे वजन एका पायाला साधारण ४०० ते ५५० ग्रॅम असेल तर ठीक. पायात वाहिलेले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त थकवते.

*या टप्प्यावरचे तीन सापळे*

पहिला सापळा जुन्या साठ्याचा आहे आणि त्यात मी स्वतः सापडलो आहे. "निम्म्या किमतीत" म्हणून मी एक जाडजूड, देखणा जोड घेतला. तो माझा सर्वांत महाग जोड, कारण निम्मी किंमतही माझ्या नेहमीच्या खर्चापेक्षा जास्त होती. बूट कोरा होता, पायातही छान बसला. अंतूरहून उतरताना उजव्या पायाखाली काहीतरी मऊ लागू लागले, म्हणून पाहिले तर मधला सोल जुन्या भाकरीसारखा तुकडे होऊन गळत होता. सुतळीने बूट बांधून नागापूर गावापर्यंत आलो. घरी खोके पाहिले, तर उत्पादनाचे वर्ष खरेदीच्या सहा वर्षे आधीचे निघाले. काही बुटांच्या मधल्या सोलसाठी पॉलियुरेथेनचा फेस वापरतात. हवेतील ओलाव्याने तो आतून हळूहळू विघटित होतो, बूट वापरला नाही तरीही. काही वर्षे गोदामात पडून राहिलेला बूट बाहेरून नवा दिसतो आणि दुसऱ्याच ट्रेकला संपतो. ईव्हीए नावाच्या फेसाला हा रोग नाही. तो कालांतराने दबून सपाट होतो, पण असा अचानक तुटत नाही. वैध मापन शास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार वेष्टनावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असावे लागते. तो आकडा सवलतीच्या आकड्याआधी वाचा, आणि दोन वर्षांहून जुना माल घेऊ नका.

दुसरा सापळा कारखान्यातील सेफ्टी बुटांचा आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कित्येकांकडे असे बूट घरात असतातच, आणि "एवढे दणकट बूट असताना वेगळे कशाला?" असा विचार साहजिक आहे. पण आयएस १५२९८ या मानकाचा शिक्का बोटांवर जड वस्तू पडली तर काय होईल याविषयी बोलतो, डोंगराविषयी नाही. त्या बुटातील पोलादी टोपी उतारावर बोटांवर आदळत राहते, वजन बरेच जास्त असते आणि सोल कारखान्याच्या तेलकट फरशीच्या हिशेबाने बनवलेला असतो. एकदा जाऊन या, पण सवय लावू नका.

तिसरा सापळा एका वाक्याचा आहे: "घातल्यावर सैल होतो, साहेब." रुंदीत चामडे थोडे सैलावते, हे खरे. लांबीत कोणताही बूट सैलावत नाही. बोटे पुढे टेकत असतील तर तो जोड तुमचा नाही.

४. पायात घालून पाहा, आणि उताराची नक्कल करा

आतील गादी बाहेर काढून तिच्यावर उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे आणि पाय बाजूंनी गादीबाहेर जाता कामा नये. अनवाणी चालून वाढलेले आपल्याकडचे पाय चवड्यात पुष्कळदा रुंद असतात आणि ज्यावर बूट घडवतात तो साचा मात्र अरुंद पायाचा असतो. अशा वेळी एक नंबर मोठा घेऊन प्रश्न सुटत नाही, कारण मग टाच सैल पडते. साचाच बदलावा, म्हणजे दुसऱ्या बनावटीचा बूट पाहावा.

नंतर दोन्ही बूट घालून नाड्या नीट आवळा आणि दुकानाच्या जिन्यावरून पाच-सहा वेळा उतरा. जिना नसेल तर बुटाचे नाक जमिनीवर हलकेच आपटा. बोटे पुढे टेकली तर वेताळवाडीच्या उतारावर नखे काळी पडणार, हे नक्की. चढताना टाच वर-खाली होते का तेही पाहा. थोडी हालचाल चालते, पण मोजा बुटाला घासल्याची स्पष्ट जाणीव झाली तर तेथेच फोड येणार. एकदा फोड आला की बूट चावू लागतो आणि मग चांगला बूटही शत्रू वाटतो.

टाच किंचित सैल असेल तर नाडीने सुधारून पाहा: पावलाच्या उंचवट्यावर, घोट्याच्या जरा खाली, दोन्ही टोके एकमेकांभोवती एकदाऐवजी दोनदा गुंडाळून आवळली की खालचा भाग आपला ताण धरून ठेवतो आणि वरचा भाग वेगळा बांधता येतो. एवढ्याने भागत नसेल तर बूट परत द्या.

बूट किती उंच असावा, यावर माझे मत साधे आहे. घोट्याचे हाड झाकले जाईल एवढा पुरे. उंच बुटाने घोटा मुरगळणे पूर्णपणे टळते असे समजू नका. त्याचा खरा फायदा म्हणजे खडे, काटे आणि झुडपांचे ओरखडे अडतात.

वॉटरप्रूफ बुटाचे सांगायचे राहिले होते. पाणी अडवणारे अस्तर घामाची वाफही बऱ्याच अंशी अडवते. आपल्याकडे वर्षातील बहुतेक महिने कोरडे आणि गरम असतात, तेव्हा असा बूट आतून भिजतो. पावसाळ्यात ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरते आणि मग अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर किंवा हिमालयात गणित वेगळे असेल. येथे मात्र लवकर वाळणारा साधा बूट बरा. नाव घ्यायचेच तर, अ‍ॅक्शनचे साधे ट्रेकिंग बूट महाराष्ट्रातील गडकोट फिरणाऱ्यांत वर्षानुवर्षे लोकप्रिय आहेत ते दिसण्यामुळे नव्हे, तर कमी किमतीत कातळावर धरणाऱ्या सोलमुळे. तुम्ही तेच घ्या असे मी म्हणत नाही, कारण साचा तुमच्या पायाला जुळला पाहिजे.

५. परतीची मुदत संपण्याआधी घरात चालवा

ऑनलाइन खरेदीत बूट परत करण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि सोलला माती लागली की परतीचा हक्क बहुधा संपतो. म्हणून पहिले तीन दिवस बूट फक्त घरात, पुसलेल्या फरशीवर, सलग दोन तास घालून फिरा. अर्ध्या तासात बूट सगळ्यांनाच आवडतो, खरे काय ते दीड तासानंतर कळते. करंगळीवर, टाचेमागे किंवा घोट्याच्या हाडाखाली लाली दिसते का, ते बूट काढल्यावर लगेच पाहा.

ओल्या दगडावरची पकड तपासण्यासाठी शहाबादी फरशीचा तुकडा स्वच्छ धुऊन, ओला करून, एका बाजूने विटेवर टेकवा आणि भिंतीचा आधार घेत त्यावर एक पाय ठेवून हळूहळू भार द्या. शहाबादी म्हणजे बेसॉल्ट नव्हे, पण जो बूट तिच्यावर सटकतो तो देवगिरीच्या ओल्या पायरीवर थांबेल अशी आशा करू नये. माझ्याकडचे दोन जोड या कसोटीवर शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा महाग जोड आधी घसरला.

६. टेकडी, मग पायऱ्या, मग गड

बूट ठेवायचे ठरले की त्याला लगेच गौताळ्यात नेऊ नका. २६० चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्यात बुटाने दगा दिला तर परतीची वाट लांब पडते.

पहिला आठवडा रोज अर्धा-पाऊण तास जवळच्या टेकडीवर चाला. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यांना गोगाबाबा टेकडी सोयीची आहे, कारण तेथे थोडा मुरूम, थोडा कातळ आणि घर जवळ अशी सगळी सोय आहे. बीड, धाराशिव किंवा लातूरकडच्यांना बालाघाटाची एखादी उघडी टेकडी चालेल.

दुसऱ्या टप्प्यात देवगिरी. उंचसखल पायऱ्या, खंदकावरचा पूल, अंधारीतील (किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेतील) उंबऱ्यासारखे दगड आणि वर बारादरीपर्यंतची चढण, एवढे केले की टाच, बोटे आणि गुडघे तिघांचेही म्हणणे कळते. अंधारीत पाय ठेवताना दगड दिसत नाही, त्यामुळे सोलमधून जमीन किती जाणवते तेही समजते. फार जाड आणि मऊ सोल असेल तर जमीन कळतच नाही, हा दोष मला तेथेच प्रथम लक्षात आला. उतरताना मुद्दाम मध्ये थांबून नाड्या पुन्हा आवळा. चढताना आणि उतरताना एकच ताण ठेवणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

तिसऱ्या टप्प्यात हळद्याच्या घाटाजवळचा वेताळवाडी, नायगावजवळचा सुतोंडा किंवा कन्नड तालुक्यातील अंतूर. हिवाळ्यात जा. तेथे पुढील गोष्टी पाहून घरी आल्यावर वहीत लिहा: घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खड्यांच्या उतारावर, उतरताना किती वेळा पाय सरकला, बुटात किती खडे आले, सोल कुठे उचकटू लागला का, दातांमध्ये दगड अडकून राहिले का आणि दुसऱ्या दिवशी कोणता भाग दुखला. तळवा दुखत असेल तर मधला सोल मऊ आहे, नखे दुखत असतील तर लांबी कमी आहे किंवा नाडी ढिली होती, आणि टाच सोलली असेल तर साचा चुकला आहे.

७. बूट सदोष निघाला तर

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे बिलावर छापलेले असते आणि लोक ते वाचून गप्प बसतात. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. माप चुकले हा दोष नव्हे. सोल सुटला, शिवण उसवली हा दोष आहे.

प्रथम दुकानदाराला बिल, लेबलाचा फोटो आणि दोषाचे फोटो दाखवून लेखी तक्रार द्या, संदेशाने दिली तरी चालेल. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे; वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही, तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. माझ्या जुन्या साठ्याच्या बुटाचे मी असे काहीही केले नाही, कारण दोनशे रुपये वाचवण्यासाठी बिलच घेतले नव्हते.

८. चांभाराकडे केव्हा जावे आणि बूट कसा ठेवावा

नवे बूट घेतल्याबरोबर सोलला शिलाई मारून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सोलची कड वर वळून वाटीसारखी बसलेली असेल, तर कडेने मारलेली शिलाई खरोखर आयुष्य वाढवते. सोलच्या बाजूला उघडा फेस दिसत असेल तर मात्र आरीने पडलेली छिद्रे फेस फाडतात आणि फायद्याऐवजी नुकसान होते. तेथे नुसते चिकटवून, रात्रभर दाबाखाली ठेवून घ्यावे. शिलाई परतीची मुदत संपल्यावरच मारा, कारण तिच्यानंतर वॉरंटीचा दावा टिकणे कठीण असते. अनुभवी चांभार सोल पाहूनच "याला शिलाई नको" असे सांगतो, आणि अशा वेळी त्याचे ऐकावे.

ट्रेकहून आल्यावर माती ओली असतानाच ब्रशने काढा, गादी बाहेर काढा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत, वारा लागेल असे ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा बंद मोटारीत बूट कधीही ठेवू नका. त्या उष्णतेने सोलचे चिकटवण मऊ पडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधूनही ठेवू नये.

दर वर्षी पावसाळा संपला की मधला सोल अंगठ्याने जोरात दाबून पाहा आणि दातांची खोली पट्टीने मोजा. खोली दोन मिलिमीटरच्या खाली आली असेल, किंवा दाबल्यावर फेसात बारीक भेगा दिसत असतील, तर तो जोड गडावर नेऊ नका. त्याच्या नाड्या काढून नव्या बुटासाठी जादा म्हणून सॅकमध्ये ठेवा, आणि बूट रानात पाणी द्यायला जाताना वापरायला ठेवा.